सुई, तबकडी आणि आकडे

आमच्या घरी गेली दोन वर्षे एक खटला चालू होता. वादी आजोबा, प्रतिवादी मी, आणि वादाचा विषय कपाटात उभ्या लावून ठेवलेल्या एकोणसाठ रेकॉर्ड. त्या संगणकावर उतरवून घ्याव्यात, असे माझे म्हणणे. आजोबांचे उत्तर ठरलेले : "आकड्यांत गाणं मावत नाही. आणि उद्या तूच म्हणशील, आता रेकॉर्डी कशाला, रद्दीवाल्याला द्या." कला शाखेच्या विद्यार्थ्याने असल्या तांत्रिक भानगडीत पडावे का, अशी शंका आमच्या प्राध्यापकांना येईल. परंतु प्रश्न गाण्याचा होता, म्हणून पडलो.

आजोबांची बाजू वरवर बिनतोड वाटते. रेकॉर्डवर ध्वनीची लाट चराच्या वळणांत कोरलेली असते. सुई त्या वळणांतून जाताना थरथरते, त्या थरथरीतून वीज निर्माण होते आणि ती अॅम्प्लिफायरमधून स्पीकरपर्यंत पोचते. डिजिटल पद्धतीत मात्र लाटेची केवळ मोजमापे घेतात. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीत दर सेकंदाला ४४,१०० मोजमापे, आणि प्रत्येकाला ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक पायरी. मग दोन मोजमापांच्या मधली मींड गेली कुठे?

कुठेच जात नाही. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४९ साली हे सिद्ध करून दाखविले. ध्वनीतील सर्वांत उंच कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप घेतले, तर मूळ लाट पुन्हा पुरती उभी करता येते. दोन बिंदू दिले की त्यांतून सरळ रेषा एकच जाते, तसेच काहीसे. तरुण कानाला फार तर २०,००० कंपनांपर्यंतचे ऐकू येते. म्हातारपणी त्याहून बरेच कमी. (हे मी आजोबांना सांगितलेले नाही.) पायऱ्यांमुळे राहणारी चूक बारीक खरखरीच्या रूपाने उरते, आणि ती सर्वांत मोठ्या आवाजाच्या सुमारे ९६ डेसिबल खाली असते. रेकॉर्डवर हेच अंतर साधारण ६० ते ७० डेसिबल भरते.

उलट रेकॉर्डलाच किती तडजोडी कराव्या लागतात! खर्ज आहे तसा कोरला तर चर शेजारच्या चरात घुसेल. म्हणून कोरताना खर्ज दाबतात, तार स्वर उचलतात आणि ऐकताना अॅम्प्लिफायर हे सारे उलटे करतो. हे मला फजितीतून कळले. प्लेअरची वायर मी चुकीच्या सॉकेटमध्ये खुपसली, तेव्हा तंबोरा डासासारखा गुणगुणू लागला. दुसरी गोष्ट वेगाची. १९४८ साली आलेली एलपी मिनिटाला सव्वातेहेतीसच्या किंचित वर फेरे घेते. पण बाहेरच्या चराचा घेर मोठा, आतल्याचा लहान. सुईखालून बाहेर सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर चर जातो, शेवटी जेमतेम २०. तेवढ्याच जागेत तेवढेच बारकावे दाटीने कोंबावे लागतात आणि आवाज फाटू लागतो. ख्यालाचे दुर्दैव असे, की द्रुत नेमका तिथेच येतो.

अखेर परीक्षा घ्यायचे ठरले. आजोबांच्या आवडत्या मारव्याची बाजू मी सीडीच्याच मापाने संगणकावर उतरवली. अॅम्प्लिफायर तोच, स्पीकर तेच, आवाजाची पातळीही मोजून सारखी. कारण किंचित मोठा आवाज नेहमीच बरा वाटतो. आजोबा पाठ करून बसले. नाणे उडवून दहा वेळा कधी रेकॉर्ड, कधी संगणक लावला. सुई मात्र दर वेळी टेकवली, म्हणजे कुठल्याच आवाजावरून सुगावा लागू नये. आजोबांची उत्तरे चार वेळा बरोबर आली. मग मी पाठ करून बसलो, माझी पाच आली. नाण्यालाही तेवढीच आली असती.

आमचेच कान कच्चे असे नव्हे. २०२२ साली मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीने कबूल केले, की तिच्या महागड्या रेकॉर्डपैकी कित्येकांच्या निर्मितीत २०११ पासून डिजिटल टप्पा होता. निव्वळ जुन्या पद्धतीची म्हणून त्यांची वाखाणणी करणारे दर्दी तोवर गप्पच होते.

तथापि आजोबांचे कान खोटे बोलत नव्हते. त्याच गाण्याची नंतर निघालेली सीडी लावली, तेव्हा त्यांनी ती दहाच्या दहा वेळा ओळखली, आणि मीही. कुणीतरी खरखर पुसताना तंबोऱ्याची आसही पुसली होती आणि सगळे गाणे एकाच मोठ्या पातळीवर आणून ठेवले होते. दोष आकड्यांचा नव्हता, ते भरणाऱ्या हाताचा होता. आजोबांना आवडणारी ऊब रेकॉर्डची खरीच, पण ती आमच्या संगणकावरच्या प्रतीतही जशीच्या तशी उतरली होती, टिकटिकीसकट.

आजोबांनी निकाल मान्य केला, दोन अटींवर. रेकॉर्ड घराबाहेर जाणार नाहीत, आणि आधी नवी सुई आणायची. झिजलेली सुई चर खरवडते. आता दर रविवारी दोन बाजू उतरतात. सात रेकॉर्ड अशा निघाल्या, की ज्यांतले गाणे मला दुसरीकडे कुठेच सापडले नाही. त्या आधी घेतल्या. त्यांपैकी एकीचा द्रुत आताच धड ऐकू येत नाही.