हायब्रिड आत्ता घ्यावी, की थांबावं?

आमच्या वेरिबीत सध्या कुठल्याही मराठी घरी जेवायला गेलं, की ताकभात येईपर्यंत विषय गाडीवर आलेला असतो. पूर्वी "घर कितीला घेतलं?" असं विचारायचे. आता "हायब्रिड बुक केली का?" असं विचारतात, आणि लगेच दुसरा कुणी तरी म्हणतो, "अरे थांब, पुढच्या वर्षी नवीन मॉडेल येतंय." दोघांचंही पटतं, हीच पंचाईत. यंदा दसऱ्याला ओळखीतल्या दोन घरांनी नव्या गाड्यांना हार घातले. पाडव्याला आमच्याही दारात एक असावी, असं सांगलीहून बाबांनी फोनवर दोनदा सुचवलं. शेवटी एका रविवारी आम्ही नवरा-बायको कागद-पेन घेऊन बसलो. त्या हिशोबाचा उपयोग इतरांनाही होईल, म्हणून हे लिहिते आहे.

वेरिबी म्हणजे मेलबर्नच्या नैऋत्येला, शहराच्या मध्यापासून साधारण ३०-३२ किलोमीटरवरचं उपनगर. टारनीट, ट्रुगनिना, पॉइंट कुक, हॉपर्स क्रॉसिंग हे आमचे शेजारी. या सगळ्या पट्ट्यात भारतीय इतके, की कढीपत्ता आणि कोथिंबिरीसाठी लांब जावं लागत नाही. ट्रेन आहे, नवरा तिनेच जातो. पण मुलीचे क्लास, शनिवारची बाजारहाट आणि माझी पोर्ट मेलबर्नची नोकरी गाडीवाचून होत नाही. गणपतीत शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, कॅरम डाऊन्सच्या देवळात जायचं, तर तो जवळजवळ प्रवासच होतो. सकाळी प्रिन्सेस फ्रीवेवर बरं चाललेलं असतं, मग वेस्ट गेट ब्रिज जवळ आला की सगळ्यांची गोगलगाय होते.

आमची सध्याची गाडी २०१३ची कॅमरी हायब्रिड आहे, सेकंडहँड घेतलेली. तिचा जन्म इथलाच. वेरिबीहून फार तर वीस-पंचवीस मिनिटांवर अल्टोना आहे. तिथे टोयोटाचा कारखाना होता आणि २००९च्या अखेरीस तिथेच ऑस्ट्रेलियात बनलेली पहिली हायब्रिड गाडी तयार होऊ लागली. ३ ऑक्टोबर २०१७ला तो कारखाना बंद झाला आणि अडीच हजारांच्या आसपास लोकांची नोकरी गेली. आमच्या गल्लीतले एक आजोबा तिथे कामाला होते. आमची कॅमरी दिसली की ते बॉनेटवर थाप मारून पुढे जातात. त्यामुळे ही गाडी विकायची म्हटलं की घरात थोडी शांतता पसरते, हे खरं. पण भावनेवर गाडी चालत नाही, म्हणून पुढचं सगळं आकड्यांत.

आधी ॲव्हरेजचं बघू. आपल्याकडे विचारतात, "गाडी ॲव्हरेज किती देते?" म्हणजे एका लिटरला किती किलोमीटर. इथे उलटं, शंभर किलोमीटरला किती लिटर पिते ते सांगतात. बाबांना "चार पॉइंट सात" सांगितलं, तर ते म्हणाले, "एवढंच? आपली जुनी गाडी चौदा द्यायची!" सोपी युक्ती अशी, की शंभरला त्या आकड्याने भागायचं. ४.७ म्हणजे लिटरला एकवीस किलोमीटरच्या वर. रॅव्ह-फोर हायब्रिडचा कंपनीचा आकडा हाच आहे. रस्त्यावर तेवढं मिळत नाही, साडेपाच धरलं तर मन आणि बँक दोन्ही शांत राहतात.

हायब्रिड पेट्रोल वाचवते कुठे, तर ब्रेक मारताना. साध्या गाडीत ब्रेक दाबला की गाडीचा वेग उष्णता होऊन वाया जातो. हायब्रिडमध्ये मोटर जनरेटरसारखी काम करून त्यातली बरीच ऊर्जा बॅटरीत भरते, आणि पुन्हा निघताना तीच वापरते. म्हणून ब्रिजच्या अलीकडची गर्दी, शाळेसमोरची रांग, सिग्नल, या ठिकाणी हिचा फायदा जास्त. मोकळ्या फ्रीवेवर ताशी शंभरने एकसारखं जायचं असेल, तर फरक कमी पडतो. जीलाँगकडे रोज जाणाऱ्याने आणि शहराकडे रोज जाणाऱ्याने एकच हिशोब मांडू नये.

आता पैसे. वर्षाला १५,००० किलोमीटर आणि पेट्रोल सरासरी १ डॉलर ९० सेंट धरू. टारनीटच्या एका मित्राकडे जुनी पेट्रोल एसयूव्ही आहे, शंभरला दहा लिटर पिणारी. त्याला वर्षाला १,५०० लिटर लागतात, नव्या हायब्रिडला ८२५ लागतील. वाचले ६७५ लिटर, म्हणजे साधारण १,२८० डॉलर. ऐकायला छान. पण नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत ४८,००० डॉलर धरले आणि जुनीचे १०,००० आले, तरी खिशातून ३८,००० जाणार. नुसत्या पेट्रोलवर ते भरून यायला तीस वर्षं लागतील! आमची कॅमरी तर आधीच हायब्रिड, शंभरला सहा लिटरवर चालते. आमचे वाचणार वर्षाला ७५ लिटर, जेमतेम १४० डॉलर. चौघं एकदा बाहेर जेवलो की संपले.

यातून एक गोष्ट स्वच्छ झाली. चालती गाडी केवळ पेट्रोल वाचवण्यासाठी बदलायची नाही. मात्र गाडी घ्यायचीच आहे, जुनीने मान टाकली आहे, तर प्रश्न वेगळा. तेव्हा तुलना त्याच आकाराच्या नव्या पेट्रोल गाडीशी करायची. हायब्रिडला अडीच हजार डॉलर जास्त पडले आणि शंभर किलोमीटरला दोन लिटर वाचले, तर वर्षाला ३०० लिटर, म्हणजे ५७० डॉलर. साडेचार वर्षांत जास्तीचे पैसे वसूल. तशीही निवड आता फारशी उरलेली नाही. टोयोटाने २०२४च्या मध्यापासून इथे ज्या मॉडेलला हायब्रिड आहे, त्याची नुसती पेट्रोल आवृत्ती घेणं बंद केलं.

मग थांबण्यात काय फायदा? पहिला म्हणजे व्याज. आमच्या घराच्या कर्जाला ऑफसेट खातं आहे. त्यात पडून असलेल्या चाळीस हजारांवर साडेपाच टक्क्यांनी वर्षाला २,२०० डॉलर व्याज वाचतं. रिझर्व्ह बँकेने २०२५मध्ये तीनदा दर कमी करून ऑगस्टमध्ये ३.६० टक्क्यांवर आणला, तरी ही रक्कम लहान नाही. शिवाय नवी गाडी शोरूमबाहेर काढली की पहिल्याच वर्षी तिची किंमत उतरते, ते वेगळंच.

दुसरा फायदा बाजाराचा. २०२२-२३मध्ये रॅव्ह-फोर हायब्रिडसाठी लोक वर्षाहून जास्त थांबले. वापरलेली गाडी नव्यापेक्षा महाग विकली जात होती. तो काळ गेला. आता चिनी कंपन्यांच्या हायब्रिड आणि प्लग-इन गाड्या ओळीने उभ्या आहेत, आणि जुन्या कंपन्यांना भाव करावा लागतोय. रॅव्ह-फोरचं सहावं रूप मे २०२५मध्ये जगाला दाखवलं, इथे ते २०२६मध्ये येणार असं तेव्हा जाहीर झालं, आणि प्रथमच प्लग-इनमध्येही.

तिसरा मुद्दा सरकारी नियमांचा, आणि तो दुधारी आहे. १ जानेवारी २०२५पासून नव्या गाड्यांना कार्बनची मर्यादा लागू झाली. प्रत्येक कंपनीने विकलेल्या प्रवासी गाड्यांची सरासरी बघतात. २०२५ला ती किलोमीटरला १४१ ग्रॅम, २०२६ला ११७, २०२७ला ९२ आणि २०२९ला ५८. मर्यादा ओलांडली तर प्रत्येक गाडीमागे ग्रॅमला ५० डॉलर दंड. वजनाप्रमाणे त्यात थोडा फरक होतो, पण दिशा कळते. रॅव्ह-फोर हायब्रिड १०८च्या आसपास सोडते. म्हणजे आज ती कंपनीची सरासरी खाली आणते, २०२७मध्ये कदाचित वर नेईल. तेव्हा कंपन्या प्लग-इन आणि इलेक्ट्रिक गाड्या स्वस्तात पुढे करतील, आणि साध्या हायब्रिडचा भाव चढूही शकतो. "आत्ताच घ्या मॅडम, पुढे महाग होणार," असं एका शोरूममध्ये आम्हाला ऐकवलं गेलं. तसं होईलही, पण ते त्यालाही ठाऊक नाही.

कुणी म्हणेल, सरळ इलेक्ट्रिकच घ्या. स्वतःचं गॅरेज आणि छतावर सोलर असेल, आणि कंपनीमार्फत नोव्हेटेड लीज मिळत असेल, तर जरूर गणित करा. इलेक्ट्रिकला फ्रिंज बेनिफिट करातून सूट आहे. प्लग-इन हायब्रिडची ही सूट १ एप्रिल २०२५पासून नव्या करारांना बंद झाली, आणि साध्या हायब्रिडला ती कधीच नव्हती. किलोमीटरमागे कर लावण्याची चर्चाही पुन्हा सुरू आहे. व्हिक्टोरियाने तसा लावलेला कर हायकोर्टाने ऑक्टोबर २०२३मध्ये रद्द केला, पण केंद्र सरकारला तो लावता येतो.

एवढं झाल्यावर नवरा म्हणाला, "मग ठरलं, थांबायचं." मी म्हटलं, "थांब, अजून दोन गोष्टी राहिल्यात."

पहिली गोष्ट लेकीची. ती सोळाची झाली, एल प्लेट लागली. इथे एकवीसच्या आतल्या मुलांना लायसन्सच्या परीक्षेआधी १२० तास कुणा अनुभवी चालकाला शेजारी बसवून गाडी चालवावी लागते, त्यातले वीस रात्रीचे. आमच्या कॅमरीला स्वतःहून ब्रेक लावणारी यंत्रणा नाही. ती इथल्या नव्या मॉडेलना मार्च २०२३पासून आणि विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या गाड्यांना मार्च २०२५पासून सक्तीची आहे. समोरची गाडी अचानक थांबली आणि चालकाला उशीर झाला, तर गाडीच ब्रेक मारते. पेट्रोलचे १४० डॉलर मी सहज सोडून देईन, पण हे सोडता येत नाही. मात्र शिकाऊ काळात शेजारी आई-बाप असतात, तेव्हा अपघात कमी होतात. खरा धोका लाल पी लावून मूल एकटं निघतं, त्या पहिल्या काही महिन्यांत असतो. लेकीला पी मिळायला अठरा पूर्ण व्हावे लागतील. म्हणजे आमच्याकडे दोन वर्षं आहेत, त्याहून जास्त नाहीत.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड. ऑफसेटमधले ते चाळीस हजार म्हणजे आमच्या घरात ज्याला 'इंडियाचे पैसे' म्हणतात, ते आहेत. परदेशी राहणाऱ्या प्रत्येक घरात असे पैसे असतात, कुणी बोलून दाखवत नाही. रात्री दोन वाजता फोन वाजला, तर सकाळच्या विमानाची तिघांची तिकिटं, तिथला हॉस्पिटलचा डिपॉझिट, बिनपगारी रजा, सगळं त्यातून. बाबा शहात्तर वर्षांचे आहेत, सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन कधीही ठरेल. गाडीचं कर्ज काढता येतं, ते घराच्या कर्जापेक्षा महाग पडतं एवढंच. पण त्या फोननंतर कुणी कर्जाचे अर्ज भरत बसत नाही. "बाबांनाच गाडी हवी आहे ना दारात?" असं नवरा म्हणाला. आणि त्याच बाबांसाठी ठेवलेले पैसे आम्ही त्या गाडीत घालणार होतो.

उत्तर सुचवलं ते सांगलीच्या दादानेच. त्यालाही हायब्रिड घ्यायची होती. १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली, आणि भारतभर लोकांनी गाड्यांची खरेदी लांबवली. दादाही थांबला. २२ सप्टेंबरला त्याच्या गाडीवरचा कर ४३ टक्क्यांवरून ४० झाला. इलेक्ट्रिकवर पाचच टक्के आहे, हे ऐकवून मी त्याला चिडवलं, तर म्हणाला, "तीन टक्के तर तीन टक्के. पण मला कुठवर थांबायचं ते माहीत होतं. तुमचं काय? तुम्ही तीन वर्षं थांबताय, आणि कशासाठी ते सांगता येत नाही."

म्हणून आम्ही थांबायचं ठरवलं, पण तारीख घालून. लेकीचा अठरावा वाढदिवस ही शेवटची हद्द. 'इंडियाचे पैसे' वेगळ्या खात्यात बाजूला काढले, त्यांना हात लावायचा नाही. गाडीसाठी दर पगाराला ठरावीक रक्कम निराळी जाते, ती दोन वर्षांत निम्म्या गाडीची होईल. कॅमरीच्या हायब्रिड बॅटरीची तपासणी करून घेतली, अजून बरी आहे. ती बदलण्याचा खर्च काही हजारांचा निघाला, तर तो न करता तेव्हाच नवी बघायची. नवी घेताना जून अखेरीस, आर्थिक वर्ष संपताना, नाहीतर डिसेंबरात जायचं, तेव्हा शोरूमना गाड्या हलवायची घाई असते. आणि रंग कुठला, हे लेक ठरवणार, कारण पहिलं वर्ष ती नवी गाडी तीच जास्त चालवेल. घरातल्या सगळ्यात नवख्या चालकाला सगळ्यात सुरक्षित गाडी, जुनी आम्हा दोघांना.

बाबांना हे सांगितलं. ते जरा थांबून म्हणाले, "पाडव्याला जुनीलाच हार घाला. आणि लेकीला रात्रीचे तास पावसात दे, नुसत्या कोरड्या रस्त्यावर नको." वहीत आत्तापर्यंत लेकीचे सतरा तास झालेत, त्यातले तीन रात्रीचे. या शुक्रवारी पावसाचा अंदाज आहे.