लेकरू रात्री का किरकिर करते?

देवगाव फाट्यावर आमच्या शेजारचे सहा वर्षांचे लेकरू रात्र रात्र झोपत नव्हते. ढुंगण खाजवी, रडे. आई दटावी. आजी म्हणे, "गूळ चोरून खातंय, म्हणून जंत झालेत." एका रात्री आईने बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर शौचाच्या जागी पांढऱ्या सुतासारखे बारीक किडे वळवळत होते. बाई घाबरली, त्याहून जास्त लाजली. महिनाभर कोणाला बोलली नाही. तोवर धाकटीही खाजवू लागली. थोरले वर्गात पेंगू लागले, आणि मठ्ठ ठरले.

मातांनो, यात लाजण्यासारखे काही नाही. हे सुतकृमी. ते माणसाच्याच आतड्यात राहतात. गुळाने होत नाहीत, कुत्र्या-मांजरापासून येत नाहीत. बंगल्यातल्या मुलांनाही होतात. म्हणून आपल्या लेकराला कोणी घाणेरडे म्हटले तर ऐकून घेऊ नका.

मादी जेमतेम एक सेंटिमीटर लांब. मूल झोपले की ती बाहेर येऊन हजारो अंडी घालते. 4 ते 6 तासांत ती लागण करण्याजोगी होतात. मूल खाजवते, अंडी नखात जातात, नखातून तोंडात. कपड्यांवर, अंथरुणावर ती 2 ते 3 आठवडे टिकतात. एका वाकळेखाली चार भावंडे झोपली की एकाचे जंत चौघांना होतात.

राष्ट्रीय जंतनाशक दिनाची मोहीम 2015 साली सुरू झाली. त्यात शाळा-अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी देतात. ती जरूर घेऊ द्या. पण ती मोहीम मुख्यतः मातीतून होणाऱ्या जंतांसाठी आहे. सुतकृमीही या गोळीने मरतात, मात्र अंडी खात्रीने मरत नाहीत. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो, आणि तोही घरातील सर्वांनी एकाच वेळी घ्यावा. एकट्या लेकराला दिला तर पुन्हा तेच. गरोदर बाई व दोन वर्षांखालील मुलासाठी आधी डॉक्टरांना विचारा.

शौचाच्या तपासणीत ही अंडी बहुधा सापडत नाहीत. सकाळी अंघोळीआधी त्या जागी पारदर्शक चिकटपट्टी लावून काढावी व डॉक्टरांना दाखवावी.

बाकीचे आपल्या हाती आहे. नखे कापा. सकाळी उठताच अंघोळ, रोज धुतलेली चड्डी. जेवणाआधी, शौचानंतर साबणाने हात. अंथरूण झटकू नका, अंडी उडतात. गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. परभणीच्या उन्हाला पैसे पडत नाहीत.

शेजारच्या घरी सर्वांनी दोनदा गोळ्या घेतल्या. आता लेकरू रात्री झोपते, आणि दिवसा पाटीवर पाढे लिहिते.