मागच्या चाकातील ‘खट्’

नेरळहून दस्तुरी नाक्याकडे जाणारा माथेरानचा घाट मोटारसायकलने चढताना गिअर बदलला, की कधी कधी मागच्या चाकातून ‘खट्’ असा आवाज येतो. उतरताना वेग कमी केला, की पुन्हा ‘खट्’. पुष्कळ लोक हा आवाज ऐकताच “चेन-स्पॉकेट गेले” असा निकाल देतात आणि चेनचा सगळा संच बदलून घेतात. पैसे खर्च होतात, पण आवाज मात्र तसाच राहतो, असेही अनेकदा घडते. असे का व्हावे?

याचे कारण असे, की ‘ढिले झाले’ एवढे म्हटल्याने रोगाचे निदान होत नाही. कोणता भाग, कोणत्या भागाच्या संदर्भात आणि कोणत्या दिशेने हलतो, हे पाहावे लागते. त्यासाठी प्रथम रचना समजून घेऊ.

इंजिनाकडून येणारी चेन मागच्या मोठ्या दातेरी चक्राला, म्हणजे स्पॉकेटला, फिरवते. हे चक्र नट-बोल्टांनी एका तबकडीसारख्या भागावर घट्ट बसवलेले असते. या तबकडीला आतल्या बाजूने जाड पाकळ्या असतात. त्या चाकाच्या तुंब्यातील, म्हणजे हबमधील, खाचांत शिरतात. पाकळ्या आणि खाचांच्या भिंती यांच्यामध्ये रबराचे ठोकळे बसवलेले असतात. आज रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेक मोटारसायकलींत, थोड्याफार फरकाने, अशीच योजना आढळते. म्हणजे चेनची ओढ चाकाला थेट मिळत नाही. ती रबरातून मिळते.

हे रबर कशासाठी? चार-धावी इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदाच स्फोट होतो. इंजिन मिनिटाला ६००० फेरे करत असेल, तर एका सिलिंडरच्या गाडीत सेकंदाला ५० धक्के बसतात. गिअर बदलताना बसणारा झटका निराळाच. संवेगातील ठरावीक बदल जितक्या जास्त वेळात घडेल, तितके बल कमी लागते. रबर दबते, म्हणजेच हा वेळ वाढवते. कर्जत स्थानकात याच तत्त्वाचा मोठा आविष्कार पाहायला मिळतो. पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना बोरघाट चढण्यासाठी तेथे मागून जादा इंजिने जोडतात. हा लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला आणि त्याचा चढ काही ठिकाणी ३७ मीटरला १ मीटर इतका तीव्र आहे. मागून रेटणाऱ्या इंजिनांचा धक्का डब्यांना सोसवतो, कारण डब्यांच्या जोडणीतही स्प्रिंगा किंवा रबरे असतात.

मोटारसायकलच्या रबरांवर किती ताण येतो, याचा ठोकळ हिशेब करू. समजा, इंजिनाच्या बलाचे आघूर्ण ८ न्यूटन-मीटर आहे. पहिल्या गिअरमध्ये ते सुमारे १० पट आणि चेनमुळे आणखी ३ पट होते. घर्षण सोडून दिले, तर तुंब्याला २४० न्यूटन-मीटर आघूर्ण मिळते. रबरे आसापासून ६ सेंटिमीटरवर असतील, तर तेथील एकूण बल ४००० न्यूटन झाले. चार रबरांत ते वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला १००० न्यूटन, म्हणजे सुमारे १०० किलोग्रॅम वस्तुमानाचे वजन! चढावर हा दाब एका बाजूने येतो, तर उतारावर इंजिनाच्या अवरोधामुळे उलट बाजूने. शिवाय वरून पावसाळ्यातले पाणी आणि चिखल. रबर झिजावे, कडक व्हावे यात नवल नाही.

आता निदानाकडे वळू. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करावी, इंजिन बंद असावे, किल्ली काढून घ्यावी आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. चेनवर झाकण असेल तर ते काढून घ्यावे. बोटे चेन आणि दात यांच्यामध्ये कधीही घालू नयेत.

पहिली चाचणी फिरण्याच्या दिशेची. एकाने मागचा ब्रेक घट्ट दाबून धरावा, म्हणजे तुंबा जागच्या जागी स्थिर होतो. दुसऱ्याने जाड फडके घेऊन स्पॉकेट पुढे-मागे फिरवून पाहावे. ते किंचित फिरले आणि रबराने परत ढकलले, तर ते निरोगी आहे. मात्र काहीही विरोध न होता फिरून शेवटी ‘खट्’ करून थांबले, तर रबरे झिजली आहेत. येथे चेनचा दोष नाही.

दुसरी चाचणी आडव्या दिशेची. स्पॉकेटची वरची आणि खालची कड धरून आत-बाहेर ढकलावे. चाक स्थिर राहून स्पॉकेट डुगडुगले, तर तबकडीच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. टायर धरून तसेच केल्यावर चाकही डुगडुगले, तर चाकाची बेअरिंगे किंवा आसाचा नट तपासावा.

तिसरी चाचणी सांध्याची. स्पॉकेट आणि तबकडी यांच्या सांध्यावर बोट ठेवून स्पॉकेट हलवावे. दोन्ही भाग एकमेकांवर सरकले, किंवा नटांभोवती तांबूस भुकटी दिसली, तर नट ढिले आहेत. बोल्ट घट्ट आवळल्याने दोन पृष्ठभागांत जे घर्षण निर्माण होते, तेच खरे भार पेलते. नट सैल झाला, की हे घर्षण जाते, स्पॉकेट बोल्टांवर आपटू लागते आणि भोके लंबगोल होतात. हा दोष सर्वांत धोक्याचा. बोल्ट तुटून चेन उतरली आणि घाटात चाक जखडले, तर अपघात ठरलेलाच. अशी गाडी दुरुस्तीपूर्वी चालवू नये.

पुष्कळ जण गाडी गिअरमध्ये ठेवून नुसते टायर हलवून पाहतात. त्यात दोन अडचणी आहेत. एक म्हणजे चेन, गिअर आणि रबरे या सर्वांचा ढिलेपणा एकत्र मोजला जातो. दुसरी अशी, की टायरची त्रिज्या सुमारे ३० सेंटिमीटर असल्याने रबरापाशी असलेली १ मिलिमीटरची फट टायरवर ५ मिलिमीटर दिसते. म्हणून एक भाग स्थिर ठेवून दुसरा हलवावा. प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच चल बदलतो, तोच हा नियम.

चेनही एकदा पाहावी. स्पॉकेटच्या अगदी मागच्या टोकाशी चेन मागे ओढली असता दाताचा निम्मा भाग उघडा पडला, किंवा दात आकड्यासारखे वाकलेले दिसले, तर मात्र संच खरोखरच बदलायला हवा.

रबरे झिजली असता काही जण खाचांत जुन्या ट्यूबचे तुकडे कोंबतात. फट भरते, परंतु तुकडे सारख्या जाडीचे नसल्याने सगळा भार एक-दोन पाकळ्यांवरच पडतो. रबरांचा नवा संच चेन-स्पॉकेटच्या मानाने पुष्कळच स्वस्त असतो. तेव्हा घरची गाडी दुरुस्तीला नेण्यापूर्वी या तीन चाचण्या मोठ्यांच्या मदतीने करून पाहा आणि काय, कोठे, कोणत्या दिशेने हलते, ते कागदावर टिपून मेकॅनिकला सांगा. त्याचे निम्मे काम तेथेच होईल.