दावण वेगळी म्हणून जात टिकली. पण वळू बदलायलाच हवा

माळेगावच्या यात्रेत लाल कंधारी आणि देवणी शेजारी बांधले, तरी लहान पोरगंसुद्धा दोन्ही वेगळे ओळखतं. कंधारी गडद लाल, देवणी काळी-पांढरी. नांदेड आणि लातूर तर लागून असलेले जिल्हे. मग जनावरांत एवढा फरक कसा पडला?

कारण असं, की हे कळप पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांत फारसे मिसळले नाहीत. कळपाचा बाहेरच्यांशी संबंध तुटला की रक्त आतल्या आत फिरतं आणि रंग, ठेवण पक्की होत जाते. रानात ही ताटातूट डोंगर-नद्या करतात. इथं ती शेतकऱ्यानं केली. कंधारच्या माणसानं लाल गोऱ्हाच वळू म्हणून राखला, बाकीचे बडवून औताला जुंपले. देवणी तर गीर, डांगी आणि गावठी जनावरांच्या मिश्रणातून झाली असं मानतात. पण पुढं ती वेगळी राखली, म्हणून वानेरा, बालंक्या, शेवेरा हे तिचे प्रकार ओळखीचे झाले.

मात्र वेगळेपणाला मर्यादा आहे. इंग्लंडात चिलिंगहॅमची पांढरी रानगुरं शेकडो वर्षं बाहेरच्या वळूविना राहिली. आज ती जनुकांनी जवळपास एकसारखी आहेत. १९४७ च्या कडक हिवाळ्यात त्यांतली फक्त १३ उरली होती. कळप तगला, पण असा जुगार शेतकऱ्याला परवडणारा नाही.

ट्रॅक्टर आल्यापासून गावातले बैल घटले, वळूही मोजकेच राहिले. एकच वळू वर्षानुवर्षं ठेवला तर कालवड तीनेक वर्षांत माजावर येते आणि बापाकडूनच फळते. अशा वासरात दर चार जनुकजोड्यांपैकी सरासरी एक जोडी त्या एकाच वळूकडून दुहेरी आलेली असते. झाकलेले दोष मग उघडे पडतात: वासरं अशक्त निघतात, गाय गाभण राहत नाही, दूध घटतं. उलट, वाट्टेल त्या जातीचं रेतन केलं तर मूळ जातच पुसली जाते.

म्हणून ग्रामपंचायतींनी दर अडीच-तीन वर्षांनी त्याच जातीचा, पण नात्यात नसलेला वळू दुसऱ्या गावाशी अदलाबदल करून आणावा. कृत्रिम रेतन करताना कांडीवरची जात आणि वळूचा क्रमांक विचारून वहीत लिहून ठेवावा. जात आपलीच ठेवा, घराणं तेवढं बदला.