कोड सेन्सरचा, दुखणं वायरीचं

शिरूर–चौफुला रस्त्यावर, न्हावऱ्याजवळचं पत्र्याचं गॅरेज. बाहेरून उसाच्या ट्रॉल्या जाताहेत, आत एका पेट्रोल गाडीचं बॉनेट उघडं आहे. मालक दौंड तालुक्यातले. रोज पहाटे दुधाचे कॅन जवळच्या डेअरीवर पोचवतात. चेक इंजिनचा दिवा विझत नाही, ॲव्हरेज पडलंय. "ऑक्सिजन सेन्सर गेलाय म्हणतात. नवा आणलाय, बसवा," म्हणत ते डबी पुढं करतात.

मिस्त्री डबीला हात लावत नाही. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडतो. पी०१३५. "काका, ह्यो कोड पुढच्या सेन्सरच्या हीटर सर्किटचा. सर्किट म्हणजे फ्यूज आला, वायर आली. सेन्सर मागनं बघू."

धुरात किती ऑक्सिजन उरला ते हा सेन्सर सांगतो, आणि त्यावरून एका भागाला १४.७ भाग हवा हे पेट्रोलचं प्रमाण कॉम्प्युटर सांभाळतो. पण सुमारे ३०० अंश तापल्याशिवाय सेन्सर बोलतच नाही; म्हणून पोटात हीटर. तो बंद असला की सगळी भिस्त धुराच्या उष्णतेवर. डेअरीची फेरी एवढी छोटी की सेन्सर तापायच्या आत इंजिन बंद होतं. पेट्रोल जातंय ते इथं.

फ्यूज शाबूत. कनेक्टर सोडवून मिस्त्री सेन्सरच्या दोन पांढऱ्या वायरींना मल्टीमीटर लावतो: ९ ओहम. हीटर जिवंत आहे. "डबीचं सील फोडू नका, दुकानात परत द्या." मग इंजिन चालू करून गाडीकडच्या पिनेला टेस्ट लॅम्प. लागत नाही.

आता बोटं वायरिंगवरून सरकू लागतात. बॅटरीमागं थांबतात. काळी नळी कुरतडलेली, आतलं तांबं हिरवं पडलेलं.

"गाडी कुठं लावता?"

"वैरणीच्या शेडात."

"मग उंदीरच."

खराब तुकडा कापून तो नवी वायर डाग देऊन जोडतो, वर हीटश्रिंक चढवतो. हीच वायर सेन्सरच्या बाजूला तुटली असती तर डाग दिला नसता, म्हणतो. बरेच सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या तारांमधल्या फटीतूनच घेतात, कथील वितळून आत गेलं की ती वाट बंद. हे ऐकून मला त्याच्याविषयी फार आदर वाटतो. कोड वाचून पार्ट बदलणं कुणालाही जमेल. पार्ट श्वास कुठून घेतो हे ठाऊक असणारा माणूस गिऱ्हाइकाचे पैसे वाचवतो.

टेस्ट लॅम्प लागतो. पण गरम इंजिनवर सेन्सर तसाही चालेल, ती परीक्षा नव्हे. म्हणून कोड पुसून गाडी गार होऊ देतात. चहा होतो, दुसऱ्या एका गाडीचं पंक्चर निघतं. मग सेल्फ. स्कॅनरवरची रेघ थोडा वेळ निपचित, आणि अर्ध्या मिनिटात ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये खालीवर उड्या मारू लागते.

"चाललं?" काका विचारतात.

"चाललं. पण शेडातनं गाडी हलवा, न्हायतर पुढच्या महिन्यात दुसरी वायर."