सेवा आईची करावी, घाव मात्र जपावेत का?



मायबाप श्रोतेहो, कीर्तनात आईचा विषय निघाला की टाळकऱ्यांचेही डोळे भरून येतात. आपण ज्ञानोबारायांना माउली म्हणतो, पांडुरंगालाही माउली म्हणतो. पण कीर्तन आटोपलं, प्रसाद वाटून झाला, की मंडपाच्या कडेला कुणीतरी थांबलेलं असतं. कधी पन्नाशीचा गृहस्थ, कधी आईला सांभाळणारी लेक. हळूच विचारतात, "महाराज, माझी आई तशी नाही हो. ती बोलते आणि काळीज चिरत जातं. मी काय करू?" विचारतानासुद्धा त्यांना पाप केल्यासारखं वाटतं. आजचं निरूपण त्यांच्यासाठी.

घरोघरी काय चालतं बघा. जो मुलगा रोज औषध देतो, त्याला ऐकावं लागतं, "तुझ्यापेक्षा दगड जन्माला आला असता, तर धुणं धुवायला तरी कामी आला असता." आणि वर्षातून दोनदा पेढे घेऊन येतो, तो गुणाचा! शेजारणीला सांगायचं, "मला पोटभर जेवायला देत नाहीत." दुसऱ्या कुणाचं बोलणं माणूस झटकून टाकतो. आईचं लागतं, कारण ऐकणारा साठ वर्षांचा असला तरी आत पाच वर्षांचं पोर बसलेलं असतं.

आता यावर उपाय काय? आधी पारख करा. हा स्वभाव जन्माचाच आहे, की अलीकडे फरक पडलाय? कमी ऐकू यायला लागलं की म्हाताऱ्या माणसाला वाटतं, आपल्याविषयीच कुजबुज चालली आहे. स्मृतिभ्रंशात वस्तू स्वतःच ठेवून विसरतात आणि सुनेवर चोरीचा आळ घेतात. लघवीच्या संसर्गानंसुद्धा म्हातारपणी एकाएकी भ्रम होतो, बरं का. म्हणून वागणं बदललं असेल, तर भांडणाआधी डॉक्टर. रोग बोलत असेल, तर रोगाशी वाद कसला घालायचा?

पण स्वभावच तसा असेल तर? तर भरताकडे बघा. वाल्मीकींच्या अयोध्याकांडात भरत आजोळहून परत येतो, तेव्हा बाप गेलेला, भाऊ वनात, आणि हे सगळं घडवलं कुणी? जन्मदात्या आईनं! आणि वर म्हणते, तुझ्यासाठीच केलं. भरत रागावला, फार कठोर बोलला. भरतही माणूसच की! पण पुढे त्यानं काय केलं ते पाहा. आईनं मिळवलेलं राज्य त्यानं घेतलं नाही. शत्रुघ्न मंथरेला मारायला धावला, तर त्याला आवरलं. आणि रामाला आणायला चित्रकूटला निघाला, तेव्हा कौसल्या-सुमित्रेबरोबर कैकेयीही होती. तिला मागे टाकलं नाही. निरोप देताना रामानंही बजावलं, कैकेयी मातेला सांभाळा, तिच्यावर राग धरू नका. मग भरत पादुका घेऊन आला आणि चौदा वर्षं नंदिग्रामात राहिला.

यातलं मर्म ध्यानात घ्या. आईला सोडलं नाही, आणि आईचं म्हणणंही स्वीकारलं नाही. दोन्ही एकाच वेळी होतं! आपण इथंच चुकतो. कुणाला वाटतं, सेवा करायची म्हणजे प्रत्येक शब्द खरा मानायचा. कुणाला वाटतं, शब्द पटत नाही म्हणजे सेवाही सोडायची. अहो, जेवण, औषध, अंथरूण-पांघरूण हे आपल्याकडचं देणं. ते चुकवू नये. २००७ च्या कायद्यानंही आईबापांचा चरितार्थ मुलांवर घातला आहे. पण "तू नालायक आहेस" हा आईचा शब्द उचलून उशाशी घेऊन झोपायलाच पाहिजे, असं कुठे आहे?

मग रोज काय करायचं? बोलणं सुरू झालं की एकदाच शांतपणे सांगा, "आई, हे मला लागतं. मी थोड्या वेळानं येतो." आणि खरंच उठा. पुन्हा याल तेव्हा चहा घेऊन या, हिशेब घेऊन येऊ नका. भावंडांनी पाळ्या लावाव्यात. लांब राहणाऱ्यानं पैसे पाठवून मोकळं होऊ नये, महिन्यातले चार दिवस द्यावेत. आणि पुरुष मंडळींनो, सेवेचं पुण्य मुलाला आणि बोलणी सुनेला, अशी वाटणी करू नका! नातवंडांसमोर अपमान होत असेल, तर पोरांना तिथून उठवा. झोप उडाली, जीव नकोसा झाला, तर मनातच कुढू नका. सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ नंबर, मोफत आहे.

सगळ्यात अवघड गोष्ट शेवटी सांगतो. आई एक दिवस जवळ घेईल, म्हणेल "बाळा, तू फार केलंस," ही वाट पाहणं हळूहळू सोडा. म्हणाली तर पांडुरंगाची कृपा. पुंडलिकाची गोष्ट आपण इतकी सांगतो. देव दारात आला आणि त्यानं वीट पुढे केली. पण पुंडलिकाला आईनं शाबासकी दिली का, हे कुणी सांगतं का? कथेला त्याची गरजच पडली नाही. विटेवरचा मात्र सगळं पाहत होता.

वारीत पायाला फोड येतो. फोड आला म्हणून कुणी वारी सोडत नाही, आणि तो नाहीच असं म्हणून धावतही नाही. सुईदोरा घेतात, पाणी काढतात, फडकं बांधतात, आणि दिंडीबरोबर सावकाश चालू लागतात. आईच्या सेवेची वारीही अशीच चालायची.

बोला, पुंडलिक वरदा हारि विठ्ठल!