अतितापन, मोटारगाडीच्या एंजिनाचे
अतितापन, मोटारगाडीच्या एंजिनाचे : अंतर्ज्वलन एंजिनाचे तापमान त्याच्या ठरीव कार्यमर्यादेपलीकडे जाऊन शीतक पाणी उकळू लागणे किंवा उकळण्याच्या बेतास येणे, यास अतितापन म्हणतात. बोलण्यात यालाच ‘गाडी तापली’ असे म्हणतात. अतितापन हा स्वतंत्र रोग नसून अनेक रोगांचे समान लक्षण आहे. त्यामुळे कारण न शोधता केवळ पाणी ओतून गाडी पुढे हाकणे हा उपाय ठरत नाही. प्रस्तुत नोंदीत पाण्याने थंड होणाऱ्या, कार्बुरेटर असलेल्या जुन्या पेट्रोल मोटारगाड्यांचा विचार केला आहे. कुर्ला (मुंबई) येथे १९६४ पासून फियाट ११०० डी या मूळ आराखड्यावर तयार होऊ लागलेली, आता उत्पादन बंद झालेली आणि पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेलेली गाडी, तसेच उत्तरपाडा (प. बंगाल) येथे १९५८ ते २०१४ या काळात तयार झालेली अँबॅसडर, ही भारतातील या वर्गाची परिचित उदाहरणे होत. मुंबईच्या टॅक्सी व्यवसायातून पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये बाहेर पडली. तथापि हौसेने जतन केलेल्या अशा गाड्या अद्याप रस्त्यावर दिसतात.

सिलिंडरात जळणाऱ्या वायूंचे तापमान काही क्षण २,०००° से.च्याही वर जाते. इंधनातील ऊर्जेपैकी स्थूलमानाने पाव भागच उपयुक्त कार्यात रूपांतरित होतो. उरलेल्यापैकी बराचसा भाग निष्कास वायूंबरोबर निघून जातो आणि जवळजवळ तितकाच सिलिंडराच्या भिंती व हेड यांमार्फत शीतक पाण्यात उतरतो. ही उष्णता सतत बाहेर नेली नाही, तर वंगण तेलाचा पापुद्रा नष्ट होऊन दट्ट्या सिलिंडरात आवळला जातो. उलट एंजिन फार थंड राहिले, तर इंधनाचे बाष्पीभवन नीट होत नाही, तेलात पेट्रोल व पाणी मिसळते आणि सिलिंडर लवकर झिजतात. म्हणून पाण्याचे तापमान साधारणतः ८०° ते ९५° से. या पट्ट्यात राखणे हे शीतन यंत्रणेचे काम होय.

कार्ल बेंझ यांच्या १८८५–८६ च्या गाडीत पाणी उकळून वाफेच्या रूपाने उडून जात असे व वाटेत पुनःपुन्हा भरावे लागे. विल्हेल्म मायबाख यांनी १९००–०१ मध्ये मर्सिडीझ गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारख्या रचनेचा रेडिएटर तयार केला. त्यात सुमारे ८,००० बारीक नळ्या असून थोड्या पाण्यातही भरपूर उष्णता हवेला देता येऊ लागली. फोर्डच्या टी प्रतिमानाच्या अगदी आरंभीच्या गाड्या सोडल्या, तर इतरांत पंपही नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते एवढ्या एका तत्त्वावर अभिसरण चाले. भारतातील वर उल्लेखिलेल्या गाड्यांत मात्र पट्ट्याने फिरणारा पंप, त्याच आसावरचा पंखा, थर्मोस्टॅट व दाबाचे झाकण ही सर्व अंगे आहेत.

यांपैकी झाकणाचे महत्त्व वाहनमालकांच्या सहसा लक्षात येत नाही. त्यातील स्प्रिंगमुळे यंत्रणेत दाब राहतो. वातावरणापेक्षा ०·५ किग्रॅ./सेंमी.२ इतका दाब अधिक असला, तर पाणी १००° ऐवजी सुमारे १११° से.ला उकळते. झाकणाचे रबर कुजले की ही सवलत जाते. घाटमाथ्यावर तर ती अधिकच हवी असते, कारण महाबळेश्वरासारख्या सुमारे १,३५० मी. उंचीच्या ठिकाणी उघड्या भांड्यातील पाणी ९६° से.च्या आतच उकळते. अनेक जुन्या गाड्यांचे ‘घाटात तापण्याचे’ दुखणे नवे झाकण बसविताच थांबते.

निदान : प्रथम गाडी खरोखरच तापते की तापमापकाचा काटा खोटे सांगतो, हे ठरवावे लागते. विजेवर चालणाऱ्या मापकाच्या संवेदकाची तार घासून सांगाड्याला टेकली, तर थंड एंजिनावरही काटा टोकाला जातो. याउलट स्थिती अधिक घातक असते. पाणी गळून गेल्यावर संवेदक पाण्याबाहेर उघडा पडतो आणि एंजिन भाजून निघत असताना काटा खाली येतो. चढावर वर गेलेला काटा एकाएकी उतरला, तर चालकाने समाधान मानू नये; गाडी तेथेच थांबवावी.

दुसरा प्रश्न गाडी केव्हा तापते, हा होय. वाहनांच्या गर्दीत उभी असताना तापून मोकळ्या रस्त्यावर निवत असेल, तर वाऱ्याचा पुरवठा अपुरा असतो. पट्टा सैल, तेलकट अथवा घासून गुळगुळीत झालेला असतो, किंवा दुरुस्तीत पंखा उलटा बसविलेला असतो. गर्दीत ठीक राहून वेगात तापत असेल, तर पाण्याचा प्रवाह संशयास्पद ठरतो. येथे रेडिएटर आतून बुजलेला असतो किंवा खालचा होज पाइप पंपाच्या ओढीने चपटा होतो. नंतरचा दोष उभ्या गाडीत दिसत नाही. एंजिनाची गती वाढवून पाइपाकडे पाहिल्यासच तो उघड होतो. सुरू केल्यानंतर चार-पाच मिनिटांतच पाणी उकळले, वरचा पाइप मात्र कोमट राहिला, तर थर्मोस्टॅट मिटलेला अडकला आहे किंवा पाण्याच्या मार्गात हवा कोंडली आहे असे समजावे. बाहेर कोठेही थेंब न दिसता पाणी रोज कमी होत असेल, तर संशय हेड गॅस्केटवर जातो.

थर्मोस्टॅटची परीक्षा सोपी आहे. तो काढून पातेल्यातील पाण्यात टांगावा, पाणी तापवावे व तापमापी धरावी. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास (बहुधा ८०° ते ८५° से.) तो उघडू लागला पाहिजे आणि आणखी १०° ते १२° वाढ होईतो पूर्ण उघडला पाहिजे. भारतीय कार्यशाळांत तो काढून फेकून देण्याची प्रथा फार बोकाळली. ‘आपल्या हवेत तो कशाला हवा’ असे तिचे समर्थन केले जाते. ते अर्धेच खरे आहे. थर्मोस्टॅट नसलेले एंजिन सकाळी बराच वेळ थंड राहते व झिजते. ज्या रचनेत थर्मोस्टॅट उघडताना बगलमार्ग बंद होतो, तेथे तो काढल्यावर पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत एंजिनात जातो, म्हणजे इच्छित परिणामाच्या उलट घडते.

रेडिएटर तपासताना एंजिन तापवून बंद करावे व पंखा थांबल्यावर गाभ्याच्या पृष्ठावर जपून हात फिरवावा. जेथे तो थंड लागेल तेथील नळ्या बुजल्या आहेत. विहिरीचे व कूपनलिकेचे जड पाणी वर्षानुवर्षे वापरल्यास चुन्याचा थर बसतो. तो उष्णतेचा अत्यंत मंद वाहक असल्याने पातळ थरही पुरेसा बाधक ठरतो. ठोकळ्याच्या आतील गंज व गाळ पंपापासून सर्वांत दूरच्या सिलिंडराभोवती साचतो. म्हणून केवळ रेडिएटर धुऊन भागत नाही, ठोकळ्याची निचरा तोटीही उघडून तारेने मोकळी करावी लागते.

अतितापनाची कारणे शीतन यंत्रणेबाहेरही असतात आणि तीच बहुधा शेवटी आठवतात. प्रज्वलन उशिरा होत असेल, तर जळते वायू सिलिंडराच्या अधिक पृष्ठाला भिडतात व निष्कास झडपेपाशी अधिक उष्णता सोडतात. वितरकातील निर्वात-नियंत्रकाचा पडदा फाटल्यावर हे नकळत घडते. कार्बुरेटरच्या जेटमध्ये कचरा अडकून मिश्रण क्षीण झाले, ब्रेक चाकाला घासत राहिले किंवा रेडिएटरपुढे शोभेच्या पट्ट्या व जादा दिवे लावले, तरी परिणाम तोच होतो.

हेड गॅस्केट : पद्मिनीच्या १,०८९ घ. सेंमी. एंजिनाचा ठोकळा बिडाचा व हेड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आहे. अँबॅसडरच्या १,४८९ घ. सेंमी. एंजिनात दोन्ही बिडाची आहेत. हा फरक निर्णायक आहे. ॲल्युमिनियमचे प्रसरण बिडाच्या सुमारे दुप्पट असते. बोल्टांनी जखडलेले हेड प्रमाणाबाहेर तापले म्हणजे त्याला पसरण्यास वाव मिळत नाही व ते वाकते. एकदा पाणी संपल्यावर पद्मिनी दोन-चार किमी. तशीच दामटली, तर हेड वाया जाऊ शकते. अँबॅसडर तेवढे पुष्कळदा सोसते.

गॅस्केट फुटल्याची खूण म्हणजे तेलमापक कांडीवर अथवा तेलाच्या झाकणाखाली दिसणारा दुधट फेस, निष्कास नळीतून सतत येणारी पांढरी वाफ आणि लागोपाठच्या दोन सिलिंडरांत कमी भरणारा संपीडन दाब. या खुणा प्रत्येक वेळी दिसतीलच असे नाही. थंड एंजिनाचा पंखापट्टा काढून, रेडिएटर काठोकाठ भरून, झाकण न लावता एंजिन मिनिटभर चालवावे. पाण्यात सतत बुडबुडे आले तर ज्वलनवायू आत शिरत आहेत हे जवळजवळ निश्चित होते.

दुरुस्तीत हेड पूर्ण थंड झाल्यावरच, बोल्ट कडेकडून मध्याकडे थोडेथोडे ढिले करत काढतात. सरळ पट्टी व जाडीमापक पात्यांनी सपाटी तपासतात; वाक ०·१ मिमी.हून अधिक असल्यास पृष्ठ यंत्रावर घासून घेतात. मात्र प्रत्येक घासणीबरोबर ज्वलनकक्ष लहान होतो, संपीडन गुणोत्तर वाढते, ठोके येऊ लागतात आणि ठोक्यांमुळे एंजिन पुन्हा तापते. पूर्वीच दोन-तीनदा घासलेले हेड बदलणेच शहाणपणाचे असते. बसविताना बोल्ट मध्यापासून कडांकडे, निर्मात्याने दिलेल्या क्रमाने व पिळमापक पान्याने, टप्प्याटप्प्याने आवळतात. जुन्या प्रकारच्या गॅस्केटला गाडी थोडी चालवून झाल्यावर पुन्हा एकदा आवळावे लागते. ही शेवटची पायरी गाळल्यामुळे नवे गॅस्केट महिन्याभरात फुटल्याची उदाहरणे नित्याची आहेत.

इतर दुरुस्त्या : पंपाच्या तळाच्या छिद्रातून पाणी ठिबकणे ही सील निकामी झाल्याची खूण असून ते छिद्र बुजवू नये, अन्यथा पाणी धारव्यात शिरते. पट्टा बोटाने दाबला असता साधारणतः १० ते १५ मिमी. दबावा. रेडिएटर उलट्या प्रवाहाने, म्हणजे खालून वर, धुतात. गाभा फारच बुजला असेल तर टाक्या उकलून नवा गाभा डाकाने जोडतात. आतील थर काढण्यासाठी धुण्याचा सोडा वापरण्याची जुनी पद्धत ॲल्युमिनियमच्या हेडला अपायकारक आहे, कारण अल्कधर्मी द्रावण त्या धातूला खाते. धुतल्यानंतर मृदू पाणी व एथिलीन ग्लायकॉलयुक्त शीतक यांचे मिश्रण भरावे. महाराष्ट्रात पाणी गोठण्याची भीती नसली, तरी त्यातील गंजरोधक द्रव्ये व समभाग मिश्रणाचा सुमारे १०७° से. हा उकळबिंदू या दोन्हींचा लाभ होतो.

वाटेत गाडी तापल्यास : काटा वर गेला असून पाणी शिल्लक असल्याची खात्री असेल, तर गाडी बाजूस घेऊन एंजिन काही मिनिटे किंचित वाढीव गतीने चालू ठेवावे. ते एकदम बंद केल्यास पंप व पंखा थांबतात आणि धातूत साठलेल्या उष्णतेने स्थिर पाणी उकळते. पाणी गेले असल्यास मात्र एंजिन तत्काळ बंद करावे. झाकण अर्धा तास तरी उघडू नये. दाब सुटताच आतील पाणी क्षणात उकळून उसळते आणि तोंड व हात भाजल्याचे अपघात याच घाईतून होतात. नंतर जाड फडक्याने पहिल्या खाचेपर्यंतच फिरवून वाफ जाऊ द्यावी. कोरड्या पडलेल्या तप्त एंजिनात थंड पाणी ओतल्यास हेडला किंवा ठोकळ्याला तडा जाण्याचा धोका असतो. ते निवल्यावर, एंजिन चालू ठेवून, पाणी सावकाश भरावे.